कबड्डी मंडळांनो, रजिस्टरात पोरींचीही नावं लिहा

प्रति,
गावोगावची कबड्डी मंडळं, क्रीडा मंडळं आणि सामने भरवणाऱ्या समित्या,
यवतमाळ, वाशीम, अमरावती आणि आजूबाजूचा सगळा वऱ्हाड

अध्यक्ष, सचिव आणि कार्यकर्ते भावांनो, जय गुरुदेव.

मी माहितीपट करते. अठरा-एकोणीस वर्षं झाली, माझा कॅमेरा पोरींच्या खेळामागेच फिरतो. कबड्डी जास्त, खो-खो त्याखालोखाल, मधूनमधून धावण्याच्या स्पर्धा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलं असेल. पंचांच्या टेबलाशेजारी रिकाम्या पोत्यावर बसलेली, डोक्याला स्कार्फ बांधलेली, गुडघ्यावर कॅमेरा घेतलेली बाई, ती मी. काही गावांत मला 'चॅनलवाली मॅडम' म्हणतात, काही ठिकाणी नुसतं 'फोटोवाली'. त्याचं मला काही वाटत नाही. माझं नाव निदान फिल्मच्या शेवटी येतं.

मागच्या हिवाळ्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावी सामन्यांच्या तयारीचं शूटिंग करत होते. सचिव भाऊंनी मोठ्या अभिमानाने लोखंडी कपाट उघडलं आणि मंडळाचं जुनं रजिस्टर समोर ठेवलं. १९८७ पासूनचं. लाल कापडी पाठीचं, कोपरे वाळवीने खाल्लेलं, पण आत शाळेतल्या कुणा मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर. पुरुषांचे संघ, वजनी गट, प्रत्येक संघाचे बारा खेळाडू त्यांच्या गावासकट, कोण कुणाकडून किती गुणांनी हरलं, शील्ड कुणाच्या स्मरणार्थ होती, सगळं लिहिलेलं. मांडववाल्याचे पैसे, हॅलोजनचं भाडं, पंचांना दिलेले टॉवेल-टोपी. एका वर्षी उपांत्य सामन्यात पाऊस आला आणि मैदानावर भुसा टाकावा लागला, तर भुशाच्या पोत्यांचीही नोंद होती.

मला १९९४ चं पान हवं होतं. ते सापडलं. पानाच्या तळाशी एकच ओळ होती: 'महिलांचा प्रेक्षणीय सामना झाला. दोन्ही संघांस नारळ देऊन सत्कार.' संघ कुठले, खेळलं कोण, जिंकलं कोण, काही नाही. खर्चाच्या बाजूला मात्र नारळांचा आकडा होता: चोवीस. त्यावरून मला कळलं की दोन्ही संघ पुरे बारा-बारा पोरींचे होते. तीस-एकतीस वर्षांपूर्वी त्या मैदानावर चोवीस पोरी उतरल्या होत्या, याचा लेखी पुरावा म्हणजे ते नारळ.

१९९४ च का, तर एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी मला त्या सामन्याचा एक फोटो दिला होता. सात जणी उभ्या, पाच खाली बसलेल्या, मागे शाळेची भिंत. डावीकडून तिसरी, उभी असलेली, कॅमेऱ्याकडे अशी पाहते आहे की जणू फोटोवाल्यावरच चढाई करणार आहे. सरांना तिच्याबद्दल तीन गोष्टी आठवत होत्या. पोरगी दमाची होती, पायाने गडी मारायची, आणि ती 'सुताराची मोठी' होती. नाव काही केल्या आठवेना.

तिला शोधायला मला दोन वर्षं लागली. माझ्या धंद्यात माणसं शोधणं हे निम्मं काम असतं आणि मला ते बरं जमतं. नव्वदच्या दशकात खेळलेला पुरुष खेळाडू शोधायला मला एक दुपार पुरते. पानठेल्यावर विचारायचं, "अमुक कुठी राह्यते?" की पोट्टं घरापर्यंत आणून सोडतं. बाईचं तसं होत नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की तिचं पहिलं, मधलं आणि आडनाव, तिन्ही एका मिनिटात बदलतात. माहेरच्या गावात ती 'सुताराची मोठी' असते, सासरी 'अमक्याची बायको', पुढे 'तमक्याची आई'. या सगळ्यांत जी चढाई करायची ती कोण, हे सांगणारा एकच कागद असू शकत होता, तो म्हणजे तुमचं रजिस्टर. आणि त्यात नारळ होते.

शेवटी फोटो अंगणवाडी सेविकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. माझ्या वहिनीने टाकला होता, 'कोणाला ओळख पटते का पहा' म्हणून. रात्री दहाला उत्तर आलं: "हे त मीच हावो."

त्या नेर तालुक्यात राहतात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे सांगते. मी गेले तेव्हा पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस भरला होता आणि आम्ही त्याच्याच कडेला चहा प्यायलो. बोलण्यात काही त्या रमेनात. मग मी विचारलं, तुमच्या वेळी मैदान किती मोठं असायचं? तशा उठल्या, चुलीतली राख सुपात घेतली आणि अंगणात रेघा मारायला लागल्या. बायकांच्या पूर्ण मैदानाला अंगण पुरेना, तेव्हा अर्धंच आखलं. मध्यरेषा, मग चढाईला गेलेलीने ओलांडायचीच ती निदान रेषा, आणि तिच्या पुढे बोनस रेषा. टेप नव्हताच, पावलं टाकत गेल्या. नंतर मी टेप लावून पाहिला, चार बोटांचा फरक होता. मग पदर खोचला, मध्यरेषेला हात लावून कपाळाला नेला आणि दम धरला.

मी घड्याळ लावलं होतं. चढाईला तीस सेकंद मिळतात. एकोणपन्नासाव्या वर्षी त्या चोवीस सेकंद टिकल्या. आवाज ऐकून आतून सासूबाई काठी टेकत दारात आल्या आणि म्हणाल्या, "हे कवा शिकली वं तू?"

सत्तावीस वर्षं एका घरात राहून सासूला माहीत नव्हतं. लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. तो प्रसंग माझ्या नव्या फिल्ममध्ये आहे आणि सासूबाईंचं ते वाक्य कापायचं नाही, असं मी एडिटरला बजावलं आहे.

आता माझं थोडं. दारव्ह्यात मामाचा फोटो स्टुडिओ होता. बी.ए. झाल्यावर मी लग्नाच्या शूटिंगला जायला लागले, कारण नवरीच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला चालायचा नाही. २००७ च्या हिवाळ्यात एका शाळेच्या मॅडमनी मला कबड्डीच्या सामन्याला बोलावलं. आदल्या वर्षी बोनस गुणावरून भांडण झालं होतं आणि यंदा पुरावा हवा, असं त्यांचं म्हणणं. झालंही तसंच. समोर सहा गडी होते, पोरीने एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकला, मागचा पाय उचललेला होता, म्हणजे बोनसचा जादा गुण बसत होता, तरी पंचांनी तो दिला नाही, संघ एका गुणाने हरला. मी कॅमेरा घेऊन पंचांकडे पळाले. ते म्हणाले, पंचाचा निर्णय अंतिम. नियमाने त्यांचंही बरोबरच होतं.

पण नंतर त्या बारा पोरी कॅमेऱ्याच्या अडीच इंची पडद्याभोवती गोळा झाल्या. तेवढं दृश्य मी अकरा वेळा मागे घेऊन दाखवलं. गुणाचं त्या विसरूनच गेल्या. एकमेकींच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक जण स्वतःला शोधत होती. एक जण म्हणाली, "मी एवढी वाकतो?" स्वतःला खेळताना तिने त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. त्या टेपवर पुढे एक लग्न घ्यायचं होतं. मी ते घेतलं नाही, मामाने टेपचे पैसे माझ्या मजुरीतून कापले, आणि माझी करिअर का काय म्हणतात ती तिथे सुरू झाली.

या कामाने पोट भरत नाही. लग्नं अजून करते, त्यावर घर चालतं. मुंबईतल्या एका संस्थेने एकदा पैसे द्यायची तयारी दाखवली होती. कच्चं फुटेज पाहून त्यांच्या साहेबांनी विचारलं, "यात संघर्ष कुठे आहे?" त्यांना विदर्भ म्हणजे कर्ज आणि दारू एवढंच माहीत. माझ्या फिल्ममधल्या पोरीचा बाप सायकलवर डबा घेऊन प्रत्येक सामन्याला यायचा आणि पंचांशी भांडायचा. बाप दारू पीत नाही, हा माझ्या फिल्मचा दोष ठरला. पैसे मिळाले नाहीत. बरं झालं. त्या पोरींच्या खेळात बघण्यासारखं इतकं असतं की रडणारी आई दाखवायला मला वेळच उरत नाही. दम घ्या. टीव्हीवर तो ऐकू येत नाही, समालोचक बोलत असतो. मी माईक मध्यरेषेजवळ लपवते. कुणी 'कबड्डी' पूर्ण म्हणते, कुणाची 'बड्डी-बड्डी' होते, एक जण नुसती 'ड्डी-ड्डी' करायची आणि पंच तिला ताकीद द्यायचे. डोळे मिटून ऐकलं तरी कोण चढाईला गेली ते मी सांगू शकते.

एक गोष्ट कबूल करायची आहे, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. सुरुवातीच्या काळात मी एका सामन्याचं शूटिंग मागितलं म्हणून चार जणांना कॉपी करून दिलं. त्यातला एका पोरीच्या पकडीचा तुकडा कुणीतरी कापला आणि ब्लूटूथने या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरवला. खेळापायी नाही, तिने घातलेल्या शॉर्टपायी. तिच्या वडिलांपर्यंत तो पोचला आणि तिचं मैदान बंद झालं. पुढे एकदा बसस्टँडवर ती दिसली. मला पाहून तिने तोंड फिरवलं. चूक कापणाऱ्याची होतीच, पण कॅमेरा चुकीच्या जागी मी ठेवला होता आणि न विचारता कॉपी मी वाटली होती. तेव्हापासून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, पण समोरून. परवानगी प्रशिक्षकाची नाही, खेळणारीची आणि तिच्या घरच्यांची. आणि फिल्म आधी त्यांना दाखवायची, मग जगाला.

म्हणूनच तुमच्यातले काही जण म्हणतील ते मला ठाऊक आहे: "मॅडम, तुम्हीच सांगता पोरींना त्रास होते, आणि तुम्हीच म्हणता नावं लिहा?" हो, दोन्ही म्हणते. मोबाइलवरचं नाव आणि कपाटातल्या रजिस्टरातलं नाव यांत फरक आहे. तुम्ही आता सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवता, चांगलं करता, पण पोरींच्या सामन्याच्या वेळी खाली लोक काय लिहितात ते एकदा वाचा. ती कमेंटची सोय त्या तासाभरापुरती बंद करता येते, तुमच्याच पोट्ट्यांना विचारा. आणि समालोचक भाऊ, माईकवर तुम्ही पोरांचं नाव, गाव, वडलांचं नाव, टोपणनाव घेता. पोरींचा सामना लागला की 'लाल टी-शर्टवाली ताई' आणि 'सात नंबरवाली ताई'. खेळणारीला विचारा, नाव घेतलेलं चालेल का. बहुतेक जणी हो म्हणतील. जी नाही म्हणेल तिचा नंबर घ्या. रजिस्टरात मात्र बाराच्या बारा नावं आली पाहिजेत.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आमच्या चौकात दुसऱ्याच दिवशी बॅनर लागलं. त्यावर नेत्यांचे आठ फोटो, संघाचा एक, कोपऱ्यात. कर्णधार हरमनप्रीतच्या नावातलं एक अक्षर गळालेलं. तरी लागलं, याचा मला आनंदच झाला. त्याच महिन्यात ढाक्याला आपल्या मुलींनी कबड्डीचाही विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात चिनी तैपेईला ३५-२८ असं हरवलं. कबड्डी तर तुमचा खेळ! त्याचं बॅनर मी शोधते आहे, कुठल्या मंडळाने लावलं असेल तर फोटो पाठवा.

महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक २०१२ साली पाटण्याला झाला. जिंकलेल्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे. सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी जाहीर केले होते. २०१६ ला टीव्हीवर बायकांची लीग आली. तीन संघ, एक हंगाम, आणि संपली. ही नावं आणि ही सालं मी झोपेतही सांगेन, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि आपले देशी खेळ तिथे दाखवून आलं, हे आपण आजही छाती फुगवून सांगतो. लिहिलेलं आहे म्हणून सांगतो.

आता मागणं काय ते. तुमचं रजिस्टर आहे तसंच राहू द्या, पोरींच्या सामन्याला एक पूर्ण पान द्या. खेळणारीचं नाव, आईचं नाव, गाव, निकाल. आणि शेजारी एक रकाना कोरा सोडा, लग्नानंतरच्या नावासाठी. पुढे कधी ती आली किंवा कुणाकडून कळलं, तर भरा. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर आता आईचं नाव येतं. आईचं कोणतं, माहेरचं की ताटातलं, हे विचारायचं राहिलंच.) गावच्या सामन्याच्या नोंदीवर नोकरी लागत नाही, मला माहीत आहे. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाला मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धा लागतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. मी नोकरीसाठी मागतच नाही आहे. नेरच्या त्या ताईंच्या ट्रंकेत आहे एक प्रमाणपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं, त्यावर नाव चुकीचं लिहिलंय. त्यांनी मला दाखवताना अंगठ्याने ते नाव झाकलं होतं.

'प्रेक्षणीय सामना' हा शब्दही जरा कपाटात ठेवा. पोरांचा सामना असतो आणि पोरींचा प्रेक्षणीय सामना असतो, हे कोणत्या नियमपुस्तकात आहे? संघ कमी येतात म्हणून स्पर्धा घेता येत नाही, हे तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे. संघ कमी येतात, कारण तुम्ही सामना दुपारी दोनला ठेवता. पौष-माघात दुपारी दोनला पोरी कुठे असतात? वावरात, कापूस वेचायला. मी शूटिंगमध्ये जवळून पाहिलेले हात सांगते: बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या, त्यावर चिकटपट्टी, आणि त्याच हातांनी पकड. घरच्यांना रात्र चालत नाही आणि तुम्हाला दुपार सोयीची, तर चार वाजता ठेवा. शाळेच्या एका खोलीची किल्ली आधीच घेऊन ठेवा, कारण पोरींना कपडे बदलायचे असतात तेव्हा किल्लीवाले भाऊ नेमके पाहुण्यांबरोबर जेवायला गेलेले असतात. हे मी एका नाही, सहा गावांत पाहिलं. सरपंच ताई मंचावर असतीलच. निम्म्या गावांत आता असतात. किल्ली त्यांच्याकडे द्या.

माझ्याकडे २००७ पासूनचं शूटिंग आहे. टेपवरचं काही खराब झालं, बाकीचं हार्ड डिस्कवर उतरवलं आहे. तुमच्या गावच्या पोरींचा सामना त्यात असला तर मी येऊन दाखवेन, पडदा तुम्ही बांधा. पैसे नकोत, येण्या-जाण्याचं पाहा. ज्यांना ओळख पटेल त्यांच्याकडून नावं लिहून घेऊ.

आणि ज्या मंडळाच्या रजिस्टरात ते चोवीस नारळ आहेत, त्यांच्यासाठी. संक्रांतीनंतरच्या रविवारी नेरच्या ताईंना तुमच्या सामन्याला बोलवायचं असं सचिव भाऊंशी बोलणं झालं आहे. उद्घाटनाला नाही, नारळ फोडायलाही नाही. त्यांना १९९४ च्या पानावर, त्या ओळीखाली, आपल्या संघाची नावं लिहायची आहेत. बारापैकी नऊ त्यांना पक्की आठवतात, दोघींची फक्त माहेरची पहिली नावं, आणि एकीला त्या सगळ्या 'भिंगरी' म्हणायच्या, तिचं खरं नाव गावात कुणाला आठवत असेल तर आधी विचारून ठेवा. मी त्यांचं नाव इथे छापलं नाही, कारण पहिल्यांदा ते त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं आहे, असं त्या म्हणाल्या.

सोबत सासूबाई येणार आहेत. त्यांना खुर्ची लागेल, खाली बसता येत नाही. परतीची शेवटची एसटी साडेपाचला आहे, तेव्हा रजिस्टर भाषणांच्या आधी काढा.

तुमची,
फोटोवाली बाई
दारव्हा, जि. यवतमाळ